देव्हाऱ्याचा मान

जवसाचा एक दाणा मागच्या दाढेत अडकून बसला होता आणि सिंधूबाईची जीभ काही केल्या त्याला सोडत नव्हती. सकाळी उपाशीपोटी चमचाभर जवस, त्यावर शेळीच्या दुधातून शतावरी, दुपारी धने-जिऱ्याचं पाणी, एकेक वाटी सासू पुढं करायची... तोंडाची चव पार गेली होती. आजारी मेंढरालाही कुणी इतका पाला चारत नाही, असं तिच्या मनात आलं, आणि अंगणात दाढी करत बसलेल्या नवऱ्याचा तिला एकाएकी भयंकर राग आला.

"गुण येऊन राहिला का न्हाई?" मल्हारीनं आरशातूनच विचारलं. शतावरीची पुडी त्यानं जवळा बाजार गावाहून आणली होती आणि तेव्हापासून तो जणू डोंगर उचलून आणल्यासारखा बोलत होता. "भट्टी जरा निवल्यावानी दिसते."

भट्टी! पाहुण्यारावळ्यांतही तो हेच म्हणायचा — आमच्या घरात भट्टी पेटलीय, बाबा — आणि बाप्ये फिदीफिदी हसायचे. खोटं कशाला बोला, उष्णतेला उतार होता. कानशिलं तापायची, बसल्या जागी चोळी घामानं चिंब व्हायची, ते कमी झालं होतं. पण उष्णतेसाठी रडत होतं कोण? पाळी जाऊन वर्ष उलटलं होतं आणि आता परत रक्त दिसायला लागलं होतं — मागच्या महिन्यात, मग परवा, आणि आज अंघोळीच्या वेळी पुन्हा. गावच्या आशा कार्यकर्तीनं, निताबाईनं, बायकांच्या बैठकीत बजावलं होतं, एकदा बंद झाल्यावर परत दिसलं तर घरी काढे पीत बसू नका, दवाखाना गाठा, आत गाठबिठ असू शकते. सिंधूबाईनं सगळ्यांत पुढं बसून ते ऐकलं, मान हलवली, आणि घरी येऊन तोंड शिवून घेतलं.

का? तर देव्हारा. पाळी गेलेल्या बाईनंच खंडोबाच्या चांदीच्या टाकांना हात लावायचा, ही या घरची रीत. चंपाषष्ठीला सासूनं, रुक्माबाईनं, भरल्या घरात भंडाऱ्याची वाटी तिच्या हातात दिली होती — आता तू मोकळी झालीस, देव तुझा. उभ्या जन्मात मिळालेला एवढाच काय तो मान... तोही अंग आटलं म्हणून! आणि तो जाऊ नये म्हणून ती अंगावर जात असतानाही टाक पुसत होती. देवाला फसवत होती की स्वतःला, कुणास ठाऊक. मला लाज वाटते ती कशाची — रक्ताची, की ह्यांच्या हसण्याची? जळो तो मान. जळो ती पुडी.

"सिंधू, आज ऐतवार हाय, देव खोळंबलेत," आतून रुक्माबाईची हाक आली.

ती देव्हाऱ्यापाशी गेली. वाटी उचलली, आणि परत ठेवून दिली.

"आत्याबाई, आज म्या देवाला शिवत न्हाई."

"काहून?"

"परत अंगावर जाऊन राहिलं. लई दिवस झाले. मला दवाखान्यात जायाचं हाय."

म्हातारीनं आधी दाराकडं पाहिलं, मग टाकांकडं. "आन् तशीच शिवत होतीस?"

एवढंच. दुखतंय का, हे विचारणं नाही. भीती वाटते का, तेही नाही. सिंधूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "शिवले! रोज शिवले! काय केलं तुमच्या देवानं?" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की अंगणातला वस्तरा थांबला.

रुक्माबाईनं तिचं मनगट धरलं. "हळू बोल, माय. मह्याबी अंगावर गेलं होतं असंच, देवाचं हाती घेतल्यावर. कुनाला सांगितलं न्हाई म्या. झाडपाला खाल्ला, गप ऱ्हायले... आपसूक थांबलं. तुहंबी थांबल."

म्हणजे हिनं सगळं आधीच ओळखलं होतं, मघाचं विचारणं नुसतं वरवरचं. उष्णता उष्णता म्हणत ही एवढे दिवस वाट्या पुढं करत होती ती याच्यासाठी... सत्तरी ओलांडलेली धडधाकट बाई, अजून मेंढरांमागं धरणापर्यंत चालत जाते. हिचं थांबलं. मग माझंही...

आणि सिंधूबाईला हायसं वाटलं. खरंच वाटलं. बाहेर वस्तरा पुन्हा खरखरू लागला, दवाखाना लांब कुठंतरी मागं पडला, मनगट म्हातारीच्या हातात होतं आणि ते तसंच राहावं असं तिला वाटत होतं — आणि या वाटण्याचा तिला जेवढा राग आला, तेवढा ना त्या नवऱ्याचा कधी आला होता, ना त्या देवाचा.