रक्तातला दोष

निशांतची चंदीगडला बदली झाली तेव्हा नीलाने सासऱ्यांना, गुरुनाथांना, साताऱ्याहून सोबत आणलं. वर्षभरात ते माणसं विसरू लागले. "नीलाने त्यांना आपल्या माणसांतून उपटून नेलं, म्हणून डोकं फिरलं," असं नणंद शशिकला चार वर्षं प्रत्येक नातेवाइकाला सांगत होती. निशांत ऐकून गप्प बसायचा.

डिसेंबरात शशिकला मुलीला, कश्मिराला, घेऊन वडिलांना भेटायला आली. त्याच आठवड्यात तपासणीचा रिपोर्ट मिळाला. मेंदूतल्या बिघाडाची खूण असलेलं प्रथिन गुरुनाथांच्या रक्तात वाढलं होतं, आणि या विसरण्याच्या आजाराचा धोका वाढवणारं जनुक त्यांच्यात जन्मापासूनच होतं. बिघाडाची सुरुवात बदलीच्या कितीतरी आधीची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

नीलाने रिपोर्ट नणंदेपुढे ठेवला. शशिकलाने तो वाचला, घडी घातली आणि सरळ पर्समध्ये टाकला.

"हे बाहेर जाता कामा नये. कश्मिराचं लग्न ठरतंय."

नीलाच्या अंगाचा भडका उडाला. "दोष माझा होता तेव्हा गावभर सांगितलात, वन्सं. आता तुमच्या घरच्या रक्तात निघाला, तर झाकायचा?"

"नीला, जाऊ दे ना यार," निशांत पुटपुटला.

"तुम्ही तर बोलूच नका!"

आवाज ऐकून कश्मिरा आतून आली. "मामी, काय झाकायचंय?"

शशिकलाने पर्स छातीशी धरली. नीलाने ती खेचून रिपोर्ट काढला आणि मुलीच्या हातात दिला. मग तिने नीट समजावलं. हे जनुक पुढच्या पिढीत येईलच असं नाही. आलं तरी आजार होईलच असंही नाही. तपासून घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

कश्मिराने संध्याकाळी नवऱ्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं. त्याने विचार करायला आठ दिवस मागितले.

"घातलंस ना पोरीच्या लग्नात मोडता?" शशिकला नीलावर कडाडली. "आधी माझा बाप, आता माझी लेक!"

"ताई, पुरे!" निशांत पहिल्यांदाच ओरडला. "बाबांच्या आजाराशी नीलाचा काडीचा संबंध नाही. ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्यांना आता फोन करून हे सांग."

शशिकला तोंड फिरवून आत गेली. निशांतने नीलाकडे पाहिलं. आता तरी ती निवळेल, असं त्याला वाटलं असावं.

"चार वर्षं लागली तुम्हाला," नीला म्हणाली, आणि सासऱ्यांचं ताट वाढायला उठली.