ठेक्यातल्या लाटा

सुट्टीच्या गाण्यांची रेकॉर्ड सुट्टीच्या पहिल्याच दिवशी निघाली पाहिजे, हा हट्ट त्याचाच. बँडच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटून त्याने तारीख ठरवून घेतली, आणि घरी जेवायला बसल्यावर त्याला आठवलं की त्याच दिवशी मुलीला समुद्रावर न्यायचं त्याने कबूल केलं होतं. पायावर मारून घ्यायला लोक हाताला येईल तो धोंडा घेतात. याने तो रंगीत कव्हरात घालून, तीनशे प्रती छापून घेतला होता.

असं तिसऱ्यांदा होत होतं. बायकोने भांडण केलं नाही. मायलेकींची दोन तिकिटं काढली आणि एवढंच म्हणाली, की लेक या खेपेला रडलीसुद्धा नाही, मला त्याचीच काळजी वाटते. नऊ वर्षांची पोर आपल्या शब्दावर विसंबायचं सोडून देतेय की काय, या विचाराने त्याची झोप उडाली.

शनिवारी सकाळी रेकॉर्डच्या दुकानात बँड जमला. बँड म्हणजे तीन माणसं आणि सात यंत्रं. वेळेवर फक्त यंत्रं आली. कव्हरवर गॉगल लावून तो वाळूत पहुडलेला होता. वाळू शेजारच्या बांधकामावरची. पहिल्या गाण्यातल्या लाटा त्याने महिनाभर खपून सिंथेसायझरवर बनवल्या होत्या, दर आठ ठोक्यांना एक. खरा समुद्र त्याने लग्नाआधी पाहिला होता, तोही बसच्या खिडकीतून.

सहीसाठी लागलेल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी कौतुकाने विचारलं, की तुम्ही दर सुट्टीत समुद्रावरच मुक्काम ठोकत असाल. "असतोच," असं बेधडक सांगून त्याने सही ठोकली. शाई वाळते न वाळते तोच फोन वाजला. मुलगी होती.

"बाबा, तुझ्या लाटा चुकल्यात."

कुठली लाट, असं त्याने जाणकाराच्या थाटात विचारलं.

"सगळ्याच. इथल्या ठेक्यात येत नाहीत. ऐक."

त्याने दुसऱ्या कानात बोट घातलं. एक लाट आली. सवयीने तो मोजू लागला. आठवर काही नाही, नऊवर नाही. अकराव्याला दोन एकदमच येऊन आदळल्या. मागे दुकानात त्याच्या लाटा शिस्तीत येत-जात होत्या, आणि त्याला त्यांची मनापासून लाज वाटली.

"मी येतो," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत पोचतो बघ."

"असं नको ना म्हणूस, बाबा," ती समजुतीने म्हणाली. "तू नुसतं ऐक."

तिच्या आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. बापाला सांभाळून घ्यायला ती शिकली होती.

तिने फोन पुन्हा पाण्याकडे धरला. रांगेतल्या पुढच्या बाईंनी रेकॉर्ड समोर ठेवली, तेव्हा त्याने पेन शेजारी बसलेल्या बँडच्या गायिकेच्या हातात दिलं आणि फोन कानाला लावूनच तो दुकानाबाहेर पडला. स्थानक दहा मिनिटांवर होतं. सुट्टीची गर्दी, गाडीत जागा मिळेलच असं नव्हतं. म्हणून या वेळी तो तिला काही बोलला नाही. तिने सांगितल्याप्रमाणे ऐकत, भरभर चालत राहिला.