भाताला घातलेल्या शिव्या

टेकाडवाडीच्या समाजमंदिरात तीनशे माणसं शिळ्या भाताकडे बघून टाळ्या वाजवत होती.

टेबलावर काचेच्या दोन बरण्या होत्या. दोन्हींत आठ दिवसांपूर्वीचा भात. ‘प्रेम’ अशी चिठ्ठी असलेल्या बरणीतला पांढराशुभ्र. ‘द्वेष’वाल्या बरणीतला काळाहिरवा, वर केस फुटलेला.

“एका बरणीशी आम्ही रोज चांगलं बोललो, दुसरीला शिव्या दिल्या. बस!” कानाला माईक अडकवलेले वीरधवल सर म्हणाले. ते महाराज नव्हते. महाराज आता जुने झाले. ते ‘विश्वबदल मिशन’चे जागतिक समन्वयक होते. त्यांच्या बॅनरवर पृथ्वी होती आणि पृथ्वीपेक्षा मोठे सर होते. “एकशे बेचाळीस देशांत माणसं चांगल्या विचारांनी जग बदलतायत. भात ऐकतो, मग तुमचं शरीर ऐकणार नाही? गोळी घेणं म्हणजे शरीरावर अविश्वास दाखवणं!”

पहिल्या रांगेतल्या हरणाबाईनं मान डोलावली. तिच्या डाव्या पायाच्या करंगळीला साखरेच्या आजारापायी जखम झाली होती. मिरजेच्या डॉक्टरनं गोळ्या आणि रोजची मलमपट्टी सांगितली होती. हयगय केली तर पाय जाईल, असंही बजावलं होतं. सभेवरून आल्यावर हरणाबाईनं त्याच संध्याकाळी गोळ्या बंद केल्या. तिची सून रेश्मा गावची आशा सेविका. साऱ्या गावाला गोळ्या देणारी बाई, आणि सासूच ऐकेना.

दुसऱ्या दिवशी सरांनी गावासमोर नवा प्रयोग मांडला. एकाच पातेल्यातला भात दोन बरण्यांत भरला. मग खिशातल्या रुमालाला हात पुसून सरांनी ‘प्रेम’च्या बरणीत हात घातला आणि आशीर्वाद म्हणून भात चांगला कालवला.

“दुसऱ्या बरणीत हात का घातला न्हाई?” रेश्मानं विचारलं.

“द्वेषाला कोण हात लावतंय, सूनबाई?” सरपंच भाऊसो म्हणाले.

बरण्यांना वर्तमानपत्र गुंडाळून वर रबरानं चिठ्ठ्या अडकवल्या. सात दिवस उघडायच्या नाहीत. शिव्या द्यायच्या कामावर अंबूबाईची बिनविरोध निवड झाली. तिच्याविरुद्ध उभं राहायची कुणाची छाती नव्हती.

दुपारी सगळे भाकरीला घरी गेल्यावर रेश्मानं चिठ्ठ्यांची अदलाबदल केली, बरण्यांच्या जागाही बदलल्या. भातानं हूं का चूं केलं नाही.

मग प्रेमाला ऊत आला. भाऊसो रोज सकाळी ‘प्रेम’च्या बरणीपुढं वाकून म्हणत, “राजा, जेवलास का?” हे भाताला. शेजारी अंबूबाई कमरेला पदर खोचून उभी. “तुजं तळपट हुईल! तुला पटकी येईल, मुडद्या!” शिव्या संपल्या की ती घरी जाऊन चहा पिऊन पुन्हा येई.

पाचव्या दिवशी हरणाबाई अंगणातच ओरडली, “रेश्मे, दुखायचं थांबलं गं! रोज पायाला म्हणती, बाळा, तू लय गुणी हायस. ऐकलं बघ त्यानं!”

शेजारीपाजारी गोळा झाले. रेश्मानं पट्टी सोडली. करंगळीची कड काळी पडली होती. तिनं काडीनं बोट टोचलं.

“आत्या, मी कुठं टोचलं?”

“टोचलंस कवा?”

रेश्मानं काडी टाकली. “आवं आत्या, ह्यो गुण न्हाई. पाय बधिर झालाय. आत्ताच्या आत्ता मिरजेला चला.”

“सरांपेक्षा तुला जास्त कळतंय व्हय? चल, बरण्याच उघडू. बघ मग डोळ्यानं!”

सगळे समाजमंदिरात आले. सर म्हणाले, सात दिवसांआधी उघडलं तर विश्वाच्या लहरी बिघडतात. हरणाबाई म्हणाली, बिघडू द्यात, सुनेचं त्वांड बंद हुईल. भाऊसोंनी कागद फाडले.

‘प्रेम’ काळंहिरवं झालं होतं. ‘द्वेष’ पांढराफटक.

सरांनी कानाचा माईक नीट केला. “याचा अर्थ,” ते दुःखानं म्हणाले, “गावाच्या प्रेमात भेसळ आहे. आणि या बाईंच्या शिव्यांत माया आहे.”

गावानं एकमेकांकडे संशयानं बघितलं. अंबूबाई मात्र भडकली. “माज्या शिवीत माया? चाळीस वर्सं गावात हाय, असला आरोप कुणी केला न्हाई!”

“तात्या, चिठ्ठ्या मी बदलल्या,” रेश्मा भाऊसोंना म्हणाली. “सरांनी हात घातलेली बरणी पाच दिवस शिव्या खाऊन पांढरी ऱ्हायली. बिनहाताची लाडानं नासली. मग बोलण्याचा काय संबंध? हातात काय हुतं त्ये बघा.”

हरणाबाई लंगडत टेबलापाशी गेली. पांढऱ्या भाताच्या बरणीच्या तोंडाला वाळलेली भुकटी चिकटली होती. ती तिनं चिमटीत चोळली. गुळगुळीत लागली. तोवर अंबूबाईनं सरांच्या खिशातला रुमाल ओढला होता. त्यातून तीच भुकटी सांडली.

“बोरिक पावडर,” हरणाबाई हळू म्हणाली. “टोकं-किडं हू नयेत म्हणून तांदळाला मी दर साली चोळती. धुऊन शिजवावा लागतो, न्हाईतर इखार. ही असली की बुरशीबी धरत न्हाई.” मग सरांकडे वळून म्हणाली, “आमच्याच डब्यातलं आमाला इकलंस व्हय रं?”

“एकशे बेचाळीस देशांत...” सरांनी सुरुवात केली. अंबूबाईनं त्यांना पुढं बोलू दिलं नाही. ती काय म्हणाली ते छापता येत नाही. पण त्यात माया नव्हती.

सर गेल्यावर भाऊसो ओशाळून म्हणाले, “सूनबाई, मग चांगल्या विचारानं काय बदलतच न्हाई का?”

“बदलतंय की, तात्या. देवीचा रोग जगातनं गेला, त्यो विचारानंच. पन विचार करणारी माणसं बरणीम्होरं बसली न्हाईत. लस घिऊन दारोदार हिंडली. कुणी चमत्कार दावला की एवढंच करायचं: एक गोष्ट बदलायची, आन परत बघायचं. ज्येला ह्याचं भ्या वाटतं, त्येच्याकडनं औषध घ्यायचं न्हाई.”

हरणाबाई आपल्या पायाकडे बघत होती.

“रेश्मे, पाच दिस गेलं. पाय ऱ्हाईल का?”

“म्हाईत न्हाई, आत्या. खोटं सांगणार न्हाई.”

हरणाबाईनं हात पुढं केला. “मग धर मला. गाडी सांग.”