अर्धी भरलेली झारी

मी एक जुनी, पोचे पडलेली झारी आहे आणि अजून रोज कामावर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझे पोचे दिसले की लोकांना माझी कीव येते. मित्रांनो, माझी कीव करू नका.

एका कारागिराने मला जाड पत्र्यातून घडवले. माझ्या तोंडाला त्याने बारीक भोकांची चाळणी बसवली. माझ्या पोटात दहा लिटर पाणी मावते. एका रोपवाटिकेत मी आले आणि तिथे रोपे सांभाळणाऱ्या मावशींच्या हाती पडले. लहानथोर सगळे त्यांना मावशीच म्हणत. बावीस वर्षे त्यांनी मला टाकीवर काठोकाठ भरले. गिऱ्हाइके म्हणत, "तुमच्या हातची रोपं मरत नाहीत हो!" मावशी म्हणत, "हात माझा, धार झारीची." तेव्हा मी फुगून जाई.

मावशी सदुसष्ट वर्षांच्या झाल्या. एका सकाळी मला उचलायला त्या झटकन वाकल्या आणि तशाच राहिल्या. कमरेत उसण भरली होती. मी त्यांच्या हातून निसटले आणि फरशीवर आपटले. त्यांचा मुलगा धावत आला आणि त्यांना घरी घेऊन गेला.

पुढे दीड महिना मी शेडच्या कोपऱ्यात पालथी पडून होते. माझ्या जागी रबरी नळी आली. तिच्या जोराने मिरचीची इवली रोपे आडवी झाली. मला फार वाईट वाटले. खरे सांगते, थोडेसे बरेही वाटले.

मग एके दिवशी मावशी आल्या. मागोमाग मुलगा होताच.

"आई, ऐक जरा. डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले, हिंडाफिरा. झोपून राहा हे तू म्हणालास! दोन आठवडे लोळले, तर अंथरुणात उठून बसता येईना. उसणीनं कंबर धरली, बाकीचं अंग तू धरून ठेवलंस."

रोपवाटिकेचे मालक चाचरत म्हणाले, "मावशी, पुन्हा उसण भरली तर?"

"भरली तर चार दिवस थांबेन, पाचव्या दिवशी येईन. दुखतंय मला. संपले नाहीये मी."

त्यांनी मला सरळ केले. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, मला अंगाशी धरून उचलले. टाकीवर त्यांनी मला अर्धेच भरले.

"अर्धीच?" मालकांनी विचारले.

"अर्धीच. फेऱ्या दुप्पट. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणतात, चालणं हेच औषध. मग मी का सोडू?"

पाचव्या फेरीला कळ आली. मावशींचा चेहरा पिळवटला. मुलगा मला घ्यायला पुढे झाला.

"हात लावू नकोस!"

त्यांनी मला कट्ट्यावर ठेवले, चार श्वास घेतले आणि दुसऱ्या हातात धरले. मिरचीचे वाफे संपेपर्यंत मुलगा नुसता पाहत उभा होता. मग तो शेडमागे गेला, विटा आणल्या आणि रोपांचे ट्रे एकेक करून कमरेइतक्या उंचीवर मांडले.

"एवढं वाकायला नको," तो पुटपुटला.

"आता कसा लेक शोभतोस!" मावशी म्हणाल्या.

याला चार वर्षे झाली. कंबर दुखायची थांबली असे मी म्हणणार नाही. थंडीत सकाळी मावशी आधी भिंतीला टेकून अंग मोकळे करतात, मग कामाला लागतात. एखाद्या दिवशी येतच नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र दार त्यांनीच उघडलेले असते. मध्यंतरी माझा तळ गळू लागला. मालक म्हणाले, भंगारात द्या. मावशी कडाडल्या, "गळतेय ना? मग डाख लावा! उगीच टाकून काय द्यायची?"

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी कमरेवर हात ठेवून उठत असेल. त्यांच्या हातातले काम हिसकावून घेऊ नका. जमले तर ट्रे उंच करा, चार पावले सोबत चाला. आणि पाणी घालायची वेळ आली की त्यांना एवढेच विचारा, "किती भरू?"