बोटभर समास

बाइंडरबाईंना माणसांचा हिशेब मांडायची खोड होती. नवऱ्याच्या खात्यात जमेला पुष्कळ काही होतं: खोटं बोलत नाही, स्वतःचं ताट स्वतः उचलतो, भांडताना जुनी प्रकरणं उकरून काढत नाही. नावेच्या बाजूला दोनच शब्द होते, पण चोवीस वर्षांच्या संसारात ते चक्रवाढीनं वाढत आले होते. ‘करणार होतो.’ नळाचा वॉशर बदलणार होतो, खिडकीला रंग देणार होतो, तुझ्या भावाला पत्र टाकणार होतो.

त्यामुळे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी या माणसानं साहित्यात पीएच.डी. करण्यासाठी अर्ज खरोखरच भरला आणि पोचपावती आणून दाखवली, तेव्हा बाईंनी चष्मा लावून ती पावती दोनदा वाचली.

सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण आयुष्यात त्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं. सार्वजनिक वाचनालयाच्या खिडकीवर ते पुस्तकं देत-घेत. कुणी पान दुमडून पुस्तक परत आणलं, की चष्म्यावरून असं बघत की पन्नाशीचा माणूसही कान पकडायच्या बेतात येई. म्हणून मास्तर. बाईंचं बाइंडिंगचं दुकान वाचनालयामागच्या गल्लीत. सुटी झालेली पुस्तकं मास्तर मागच्या दारानं आणून द्यायचे, आणि त्या येण्याजाण्यातूनच लग्न जमलं होतं.

अर्ज गेला आणि बाईंनी कंबर कसली. मागच्या खोलीतलं शिवणाचं मशीन हलवून तिथं टेबल आलं. बाजारहाट, दळण, वीजबिल ही मास्तरांची कामं बाईंनी स्वतःकडे घेतली. ‘मुलाखत होईपर्यंत यांना हाक मारायची नाही’ असा हुकूम शेजारीपाजारी सुटला.

धाकटी नणंद मात्र हुकूम मानणाऱ्यांतली नव्हती. “वहिनी, दादा डॉक्टर होणार म्हणे! मग माझ्या गुडघ्याचं बघेल ना?”

“बघतील की, ताईसाहेब. चार वर्षं अभ्यास करून तुमच्या गुडघ्यावर चारशे पानं लिहितील. बरा होणार नाही, पण नाव होईल त्याचं.”

“आणि विषय काय घेतलाय म्हणे?”

“कादंबऱ्यांवर आहे काहीतरी,” असं म्हणून बाईंनी विषय झटकला.

खरी गोम तिथंच होती. विषय काय, हे बाईंनी एकदाही विचारलं नव्हतं. शाळा आठवीत सुटली होती. आपण विचारायचं, ते सांगायचे, आणि आपल्याला कळायचं नाही. मग ते अधिक सोपं करून सांगणार आणि तेही कळणार नाही. त्यापेक्षा टेबल द्यावं, वेळेवर चहा द्यावा, तोंड बंद ठेवावं. मास्तरही आपणहून बोलले नव्हते. बायको हसेल अशी त्यांना धास्ती होती. चोवीस वर्षांत ती कशाकशाला हसली, याची यादी त्यांच्यापाशीही होती.

मुलाखत पुढच्या गुरुवारी होती. त्याआधी लेखी परीक्षेसाठी आणि मार्गदर्शक प्राध्यापिकांना भेटण्यासाठी मास्तर चार दिवस बाहेरगावी गेले. जाताना टेबलाखालच्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, “ती अकरा पुस्तकं सांभाळ हं. मुलाखतीत दाखवायची आहेत.”

बाईंनी पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला. वाचनालयानं बाद केलेल्या अकरा जुन्या कादंबऱ्या. पुठ्ठे लोंबत होते, दोरे सुटले होते, पानांच्या कडा तपकिरी पडून किड्यांनी कुरतडल्या होत्या. शिवाय कुणा उपद्व्यापी पोरानं पेन्सिलीनं कडेला गिरगटून ठेवलं होतं ते वेगळंच. असली लक्तरं घेऊन हा माणूस मोठ्या माणसांसमोर बसणार? बाइंडरचा नवरा?

बाईंनी तीन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. एकेक पुस्तक उसवलं, नव्यानं शिवलं, पाठीला सरस दिला, निळं कापड चढवलं. मागची तारखांची चिठ्ठी जपून काढून पुन्हा चिकटवली, कारण ती छापील होती आणि छापील गोष्ट कामाची असते असा त्यांचा समज. आणि त्याआधी कटिंग मशीनखाली धरून प्रत्येक पुस्तकाची कुरतडलेली कड बोटभर कापून टाकली. गिरगटलेलंही गेलं. पानं अशी सरळ दिसू लागली की त्यांवरून हात फिरवत राहावं.

शनिवारी संध्याकाळी मास्तर आले. परीक्षा बरी गेली होती. टेबलावर अकरा निळी पुस्तकं ओळीनं उभी होती आणि बाई दाराशी उभ्या राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

मास्तरांनी पहिलं पुस्तक उघडलं. दुसरं उघडलं. पाचवं उघडून ते खुर्चीवर बसले.

“समास कुठं गेला?”

“कसला समास?”

“कडेची कोरी जागा. पेन्सिलीनं लिहिलेलं होतं ती.”

“ती घाण? कापली. किडे लागले होते.” बाईंच्या आवाजातला अभिमान वाक्य संपेपर्यंत निम्म्यावर आला. “का हो?”

मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं. ते हळूच म्हणाले, “तोच माझा विषय आहे.”

मग विषय पहिल्यांदा त्या घरात मोठ्यानं बोलला गेला. कादंबऱ्यांवर समीक्षक काय म्हणाले हे सगळ्यांना माहीत असतं. पण ज्यानं वाचनालयातून आणून, पेन्सिल हातात धरून ती वाचली, तो काय म्हणाला? खिडकीवर बसून मास्तरांनी वीस वर्षांत एकाच अक्षरातल्या नोंदी असलेली अकरा पुस्तकं हेरली होती. संशोधनाच्या आराखड्याचं नाव होतं, ‘एका अनाम वाचकाचा स्वतःशी संवाद’.

“उतरवून नव्हतं घेतलं?”

“तीन पुस्तकांतलं घेतलंय. बाकीचं घेणार होतो.”

“फोटो?”

“काढणार होतो.”

एरवी या वाक्यावर बाईंनी त्यांना सोडलं नसतं. आज त्यांच्या स्वतःच्या खात्यात एवढी मोठी रक्कम नावे पडली होती, की दुसऱ्याचं खातं उघडायला तोंड नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, “आज वार कुठला?”

“शनिवार. का?”

“रद्दीवाला सोमवारी येतो. कातरण अजून दुकानातच आहे.”

रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर करून दोघं आत शिरले. कातरणाची तीन पोती होती, आणि त्यांत शाळेच्या वह्यांचं, पावतीपुस्तकांचं, सगळ्यांचं कातरण एकत्र. मास्तरांनी पोत्यात डोकावून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“अहो, तोंड काय पाडता? मशीनखालून पट्ट्या एकेक पडत नाहीत, गठ्ठा पडतो. वरचं पान वर, खालचं खाली. हलवाहलव झाली नसेल तर क्रमानं मिळतील. वह्यांचा कागद पांढरा, तुमचा तपकिरी. बसा खाली.”

दुपारपर्यंत लांब टेबलावर तपकिरी पट्ट्यांच्या चळती लागल्या. दोन पुस्तकांच्या पट्ट्या पार विस्कटल्या होत्या. नऊ पुस्तकांच्या जवळजवळ जशाच्या तशा. कित्येक ठिकाणी शब्द मधोमध कापला गेला होता, अर्धा पट्टीवर, अर्धा पानावर. पट्टी पानाला भिडवली की शब्द जुळायचा. मास्तर जुळवून पानाचा आकडा घालायचे, बाई नव्या पट्ट्या पुढं सरकवायच्या.

पुढं सरकवता सरकवता बाई वाचू लागल्या. आतापर्यंत त्यांनी हजारो पुस्तकं हाताळली होती. वाचायला वेळ कुणाला होता? पण इथं बोटभर पट्टीवर चार शब्द, डाळ निवडता निवडता वाचून होतील एवढेच.

‘ही बाई खोटं बोलते आहे ना?’

‘पान ८४ वर बघ, मग बोल.’

‘बघितलं. माफ कर. पण नवऱ्याला कळत कसं नाही?’

‘नवऱ्यांना कळतं. ते दाखवत नाहीत.’

बाई एकट्याच खुदकन हसल्या. “अहो, ही दोघं फार गमतीशीर आहेत.”

“दोघं कोण?”

“ही काय, लिहिणारी.”

“एकच आहे. अक्षर बघ. स्वतःशीच वाद घालतो तो. माझा सगळा आराखडाच त्यावर आहे.”

“अक्षर सारखं आहे खरं. पण हात लावा.” बाईंनी एक पट्टी पालथी केली आणि मास्तरांचं बोट तिच्यावरून फिरवलं. “लागतंय? मागनं उठलंय. आता ही. काहीच नाही, गुळगुळीत. एक माणूस पेन्सिल दाबून लिहितो, दुसरा नुसती टेकवतो.”

“दाब कमीजास्त होतोच एखाद्याचा. लिहायला टेबल नसेल, पेन्सिल बोथट असेल.”

“असेल. मग बघू या की.”

बाईंनी डोळे मिटले. मास्तर एकेक पालथी पट्टी त्यांच्या हातात देऊ लागले. बाई बोट फिरवून म्हणत, “जड,” किंवा “हलका,” आणि मास्तर पट्टी उलटून मजकूर वाचत. जड म्हणजे प्रश्न, हलका म्हणजे उत्तर. पन्नास पट्ट्या झाल्या, तेव्हा बाई तीनच वेळा अडल्या होत्या. त्या तिन्हींवर नुसत्या खुणा होत्या, शब्द नव्हतेच.

मास्तर खुर्चीत मागं रेलले. चार महिने घासूनपुसून लिहिलेला आराखडा डोळ्यांदेखत निकामी झाला होता आणि मुलाखत चार दिवसांवर होती. बाईंना वाटलं, आता हा माणूस खचणार. पण मास्तरांच्या चेहऱ्यावर काहीतरी भलतंच चाललं होतं.

“मग आता प्रश्न असा, की आधी कोण वाचायचं?” मास्तर म्हणाले. “तारखा! मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के असतात. त्या चिठ्ठ्या तू...”

“आहेत. छापील होत्या, म्हणून ठेवल्या.”

तारखा लावल्या तसा पुस्तकांना क्रम आला. पहिल्या सातांतलं प्रत्येक पुस्तक पंधरवड्याच्या अंतरानं दोनदा बाहेर गेलेलं, म्हणजे दोन फेऱ्या. दाबून लिहिणाऱ्यानं आधी न्यायचं आणि प्रश्न पेरून परत करायचं; मग दुसऱ्यानं न्यायचं. पुढची उत्तरं-प्रत्युत्तरं दोघंही बहुधा कपाटापाशी उभ्याउभ्याच खरडून जायचे. आठव्या, नवव्या आणि दहाव्या पुस्तकाची एकच फेरी. हलका हात थांबला होता. ‘इथं तुला राग येईल.’ उत्तर नाही. ‘हा शेवट पटला का?’ उत्तर नाही.

“गेली का काय हो?” बाईंचा आवाज एकदम खाली आला.

“‘गेली’ कशावरून? बाईच कशावरून?”

“मला आपलं वाटतंय.”

अकरावं पुस्तक विस्कटलेल्या दोनांतलं होतं. तिसरं पोतं त्यांनी जमिनीवर उपडं केलं आणि गुडघे टेकून पट्टी न् पट्टी बघितली. चहा गार झाला. शेवटच्या पानाची पट्टी बाईंनाच मिळाली, पावतीपुस्तकाच्या गुलाबी कातरणात अडकलेली. त्यांनी आधी ती पालथी करून बोट फिरवलं. गुळगुळीत.

‘आले. मधली तीन राहिली आहेत, ती वाचते. तोवर पुढं जाऊ नकोस.’

मास्तरांनी तारखांची चिठ्ठी पुन्हा बघितली. दहाव्या आणि अकराव्या पुस्तकाच्या मध्ये तीन वर्षं होती.

गुरुवारी बाई मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या होत्या. मांडीवर वह्यांचं खोकं, खोक्यात आकडे घातलेल्या पट्ट्या. आत मास्तर तीन रात्री जागून लिहिलेला नवा आराखडा मांडत होते. पुस्तकं कापली गेली हे त्यांनी आधीच सांगून टाकावं, असं घरी ठरलं होतं. बाईंनीच ठरवलं होतं. अर्ध्या तासानं दार उघडलं आणि मार्गदर्शक प्राध्यापिका बाहेर आल्या.

“समास कापणाऱ्या बाई तुम्हीच का? जरा आत येता?”

समितीतल्या टक्कल पडलेल्या गृहस्थांनी चष्मा काढला. “मूळ साधन खराब झालं आहे, ही बाब गंभीर आहे. आणि दाबावरून दोन माणसं ठरवता म्हणे. एकाच माणसाचा दाब बदलत नाही?”

“बदलतो ना, साहेब. पण प्रश्न विचारताना दर वेळी जास्त आणि उत्तर देताना दर वेळी कमी? वर्षानुवर्षं? एवढा नेमका माणूस मी तरी बघितला नाही, आणि मी यांच्याबरोबर चोवीस वर्षं काढली आहेत.” बाईंनी खोकं टेबलावर ठेवलं. “डोळे मिटा आणि बोट द्या.”

गृहस्थांनी इकडंतिकडं बघितलं आणि डोळे मिटले. “जड,” ते म्हणाले. मग, “हलका.” मग, “थांबा, ही पुन्हा द्या बघू.” वीस पट्ट्या झाल्या तरी ते डोळे उघडायला तयार नव्हते. मार्गदर्शक बाईंनी पेन उघडून कागदावर सही केली आणि खाली अट लिहिली: कापलेल्या प्रत्येक पट्टीची पानवार यादी वर्षअखेरपर्यंत सादर करावी.

परतताना बसमध्ये मास्तर खिडकीशी आणि बाई खोक्यासकट शेजारी.

“पण तीन वर्षं ती होती कुठं?” बाईंनी विचारलं.

“शोधायचं. चार वर्षं आहेत की.”

“चार? एवढा दम मला निघायचा नाही. चिठ्ठीवर सभासदांचे नंबर असतात ना? मग नावं कुठं सापडतील?”

“जुनी रजिस्टरं वाचनालयाच्या पोटमाळ्यावर असतील. मी एकदा चढून बघणार...” मास्तरांनी जीभ चावली.

“उद्या सकाळी आठ वाजता,” बाई म्हणाल्या. “शिडी मी धरते. नाहीतर असं करा, शिडी तुम्हीच धरा. मी चढते.”