वजा चार, अधिक तीन

सासऱ्यांचा फोन बोलता बोलताच मेला. तो चार्ज करायचा असतो, हे त्यांना पटवून देणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. मरण्याआधी फोनने एवढंच पोचवलं: "उंची एकशे वीस सेंटीमीटर, वजा चार, अधिक तीन. तेवढी काप."

सुनेने ते खडूने टेबलाच्या कडेला लिहिलं आणि काच कापायचा हिरा हातात घेऊन उभी राहिली. खांदा निखळल्यापासून सासरे मापं घ्यायला जात, कापत नसत. हात बरा होईपर्यंत टेबल झाकून ठेवू, असं त्यांनी जाहीर केलं होतं. "एक तरी मला कापू द्या, बाबा," असं ती म्हणाली, तर त्यांनी नेमकी हीच दिली. बेकरीच्या काउंटरची, बोटभर जाड, दुकानात उरलेली शेवटची. ही बिघडली की टेबल झाकायचं, हे दोघांमध्ये न बोलता ठरलं होतं.

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. त्याला आणखी दोन ठिकाणी जायचं होतं आणि ते तो हॉर्ननेच सांगत होता.

"एकशे एकोणीस," ती म्हणाली. पण पट्टी काही ठेवली नाही.

"एकशे तेरा," नणंदेचा आवाज आला. ती माहेरी आली होती आणि तिला करमत नव्हतं. "कंचेभागुबेव. बेरीज आधी, वजाबाकी मागून. चार नि तीन सात. एकशे वीसातून सात काढ."

"वन्सं, शाळा सुटून किती वर्षं झाली?"

"नियमाला काय मुदत असते? दुधाची पिशवी आहे का ती?"

सुनेने टेबलाला एक फेरी मारली, मग उलटी मारली. तो शब्द तिनेही घोकला होता, आणि त्यात 'बे' खरंच 'व'च्या आधी होतं. तिने बेकरीवाल्याला फोन लावला. उघड्या काउंटरवर दोन्ही हातांनी माशा हाकणारा माणूस फोन कुठल्या हाताने उचलणार?

"मोठीच काप की," सासूबाई म्हणाल्या. "जास्त झाली तर छाटू."

"तिथे कशावर छाटणार, आई? पावाच्या ट्रेवर? नि लहान झाली तर संपलंच."

पुन्हा हॉर्न. तिने तळहाताने 'अधिक तीन' झाकलं. राहिले एकशे सोळा. हात काढला.

"वन्सं, इकडे बघा. वजा कोणाच्या मानेवर बसलंय?"

"चाराच्या."

"मग तिनाने काय घोडं मारलंय? त्याच्यापुढे अधिक आहे, तो वाढवणारच. बेरीज-वजाबाकी एकाच रांगेतल्या, डावीकडून जी आधी येईल ती आधी. दोघांना मिळून वजा करायचं असतं, तर बाबांनी कंस घातला असता."

"फोनवर कंस कसा घालतात गं?"

प्रश्न वाईट होता, कारण रास्त होता. ती पुन्हा चालायला लागली. हिरा या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात. मग थांबली.

"चार कमी कशामुळे होणार? वरच्या लाकडी पट्टीमुळे. नि तीन? आई, खाली काच खाचेत उतरते ना तिथे?"

"उतरते तर. खाचेत पावाचा चुरा साठतो. माझी अर्धी करंगळी जाते."

तुमची करंगळी तिथे काय करत होती, हे कोणी विचारलं नाही. खाचेत उतरायची काच वजा कोण कशाला करेल? तिने एकशे एकोणीसवर पट्टी ठेवली आणि हिरा ओढला. कर्र. काच टेबलाच्या काठावर आणून दाबली. हॉर्नसुद्धा गप्प होता. काच रेघेवर तुटली.

काच टेम्पोतून गेली. ती मात्र दुपारभर दारातून आत आणि आतून दारात करत राहिली. शेवटी सासरे आले, चपला काढल्या, पाणी मागितलं, ते सावकाश प्यायले.

"बसली?" तिने विचारलं.

"बसली."

"एकशे तेराची केली असती तर?" नणंदेने विचारलं.

"चांगली तीन-चार बोटं फट राहिली असती. माशांची सोय झाली असती."

नणंदेला एकाएकी आत काही तरी काम आठवलं.

"उद्या दवाखान्याची खिडकी आहे," सासरे सुनेला म्हणाले. "टेबल पुसून ठेव."

"एका अटीवर. फोनवर नुसतं उत्तर सांगायचं, गणित नाही."

"तूच चल मापाला," ते म्हणाले.

ती तेवढ्यात फडकं घेऊन टेबलाकडे निघालीसुद्धा. बसवत तर नव्हतंच.