शिकलेली कातडी

पिंप्राळ्यातल्या पुष्पाबाईंच्या खापरावरच्या पुरणपोळ्या म्हणजे अर्ध्या जळगावाचा जीव की प्राण. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत पार कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर उपड्या घातलेल्या, तापल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा, हे काम कुणाही ऐऱ्यागैऱ्याचं नाही. धुळ्याच्या देवपुरातून सून म्हणून आलेल्या शिल्पाचे हात पहिल्याच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, भाजले. ती हात पाण्यात बुडवून रडत बसली, तेव्हा सासूबाईंनी मायेनंच समजावलं, "घाबरू नको माय. रोज थोडा थोडा चटका बसना म्हंजे कातडी शिकी जास."

कातडी खरंच शिकली. इतकी शिकली की थांबायचंच विसरली.

आधी बोटं बधिरली, मग कोपरं, मग खांदे. निखारा हातावर पडला तर वास सुटल्यावर कळायचं. पोळ्या न्यायला आलेल्या बायका तोंडात बोटं घालायच्या. तिनं घाबरून नवऱ्याला, जीवनला सांगितलं. त्यानं मोबाइलमधून मानही वर केली नाही. "दुखत नाही ना? मग दवाखान्यात कशाला जायचं?" आता या माणसापुढे कुणी डोकं फोडायचं? बाईला दुखत नसलं की घरात सगळं आलबेल असतं.

पुढे बधिरपणा पोटात उतरला. बाळ लाथ मारायचं ते तिला साडीवर दिसायचं, आत काही जाणवायचं नाही. बाळंतपणात ती हूं की चूं न करता पडून राहिली, तर सगळ्या वॉर्डानं कौतुक केलं. मुलगी झाली. नाव ठेवलं संघमित्रा, लाडाचं मितू. पोरीनं दूध धरलंय की नाही ते शिल्पाला वाकून बघावं लागायचं. लेकीच्या गालाचा मऊपणा तिला डोळ्यांनीच घ्यावा लागला, आणि त्याचं तिला फार वाईट वाटायचं.

त्याहून मोठी भीती एकच होती. हे पोरीत उतरलं असेल तर?

लसीची सुई टोचली आणि मितूनं टाहो फोडला. शिल्पाला इतका आनंद झाला की ती मोठ्यानं हसली. नर्स तिच्याकडं बघतच राहिली.

पण तेवढ्यानं आईच्या जिवाची खात्री होते थोडीच? दुसऱ्या दिवशी आंघोळ घातल्यावर तिनं पोरीच्या मांडीला हलकाच चिमटा काढला. पोरगी कळवळून रडली. शिल्पानं तिला उराशी धरलं, तिचे मुकेच मुके घेतले आणि दिवसभर ती सुखात वावरली. मग ते रोजचंच झालं. चिमटा हलकाच काढायची, असं तिला वाटायचं. किती जोरात बसतो ते तिच्या बोटांना कुठं कळत होतं? मांडीवरचे काळेनिळे डाग ती पावडर लावून झाकायची. आपलं चुकतंय हे तिला समजत होतं, पण पोरीचं रडू ऐकल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

यंदाच्या आखाजीला पोळ्यांना झुंबड उडाली. एक खापर तडकलं म्हणून शिल्पानं ते उतरवून बाजूला ठेवलं आणि दुसरं चढवायला वळली. तेवढ्यात मितू रांगत आली आणि तिनं त्या धगधगत्या खापराला तळवा टेकवला. चर्र आवाज झाला. शिल्पानं झडप घालून तिला उचललं. तळवा लालभडक झाला होता.

मितू रडली नाही.

पुष्पाबाईंनी नातीचा हात पाण्यात धरला आणि त्यांचा चेहरा फुलला. "देख, रडनी बी नही. गुनी शे मनी नात. कातडी शिकेल शे."

शिल्पानं आपल्या बोटांकडं पाहिलं. खापराला तर पोरगी आज पहिल्यांदाच शिवली होती.

मितूनं आईकडं बघितलं आणि रोजच्यासारखा मुक्यासाठी गाल पुढे केला.